भोक आणि आटे एकाच बिटाने: आधी पट्टीची जाडी मोजा

गुहागरजवळच्या एका बागायतदारांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे कॉर्डलेस ड्रिल आहे. पुढच्या टोकाने भोक पाडणारी आणि मागच्या भागाने लगेच आटे पाडणारी एकत्र ड्रिल-टॅप बिटं, एम३ ते एम१० (३ ते १० मिमीच्या बोल्टची) अशा सहा मापांची, त्यांनी घेतली. गडग्यातल्या गेटच्या ५ मिमी पट्टीत एम६ चे आटे उत्तम पडले. मग विहिरीवरच्या पंपाच्या बैठकीला अर्थिंगची वायर बांधायची म्हणून १० मिमी जाड लोखंडी पट्टीत एम४ चं बिट चालवलं आणि ते आतच तुटलं. संच हलका निघाला, की ही बिटं घरच्या कामाला चालतच नाहीत, असं त्यांनी विचारलंय. पंपाचे एम८ बोल्टही त्याच पट्टीत घ्यायचे आहेत.

संचाला दोष देण्याआधी पट्टीची जाडी बघा. १० मिमीच्या लोखंडात एम४ चं एकत्र बिट कुठल्याही कंपनीचं असलं तरी तुटण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या गेटच्या कामाला मात्र याहून सोयीचं हत्यार नाही. हा फरक का पडतो ते एकदा समजून घेतलं की पुढची बिटं वाचतील.

बिट हातात घेऊन नीट पाहा. टोकाला साधं ड्रिल, त्याच्या मागे टॅप, म्हणजे आटे पाडणारा भाग, बहुतेक बिटांत त्याच्या मागे भोकाची कड साफ करणारा रुंद भाग, आणि शेवटी पाव इंची षटकोनी दांडा. टोकाच्या ड्रिलचं माप आट्याप्रमाणे ठरलेलं असतं. बोल्टच्या मापातून पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) वजा करायचा, उरेल ते भोक. एम४ चा पिच ०.७ म्हणून भोक ३.३ मिमी, एम५ चा ०.८ म्हणून ४.२, एम६ चा १ म्हणून ५, एम८ चा १.२५ म्हणून ६.८ (६.७५ चा जवळचा बिट), एम१० चा १.५ म्हणून ८.५. एम३ ला ०.५ चा पिच आणि २.५ चं भोक.

आता गोम अशी, की ड्रिल आणि टॅप वेगवेगळ्या गतीने पुढे सरकतात. ३.३ मिमीचं ड्रिल लोखंडात एका फेऱ्यात मिलिमीटरचा दहावा भाग कापेल तरी पुष्कळ. टॅपचं तसं नाही. एकदा आटा धरला की तो प्रत्येक फेऱ्याला बरोबर पिचएवढा पुढे जाणार, म्हणजे एम४ ला ०.७ मिमी. त्याला तुम्ही थांबवू शकत नाही आणि सावकाशही नेऊ शकत नाही, कारण आटाच त्याला ओढत असतो. टोकाचं ड्रिल पट्टीतून पार झालं असेल तर काही बिघडत नाही, ते पलीकडे हवेत फिरतं. ते अजून लोखंडातच असताना मागच्या टॅपने आटा धरला, तर ड्रिलला झेपेल त्याच्या सात-आठ पट वेगाने ते पुढे ढकललं जातं. मग ड्रिल तरी मोडतं, नाहीतर आटे तरी ओरबाडले जातात. तुमच्या १० मिमीच्या पट्टीत नेमकं हेच झालं.

म्हणून पहिला नियम: ड्रिलचं टोक पूर्ण बाहेर पडल्यावरच टॅपचा पहिला दात पट्टीला लागला पाहिजे. व्हर्निअर लावून टोकापासून टॅपच्या पहिल्या दातापर्यंतची लांबी मोजा. त्यातून टोकाचा शंकू वजा करा, कारण शंकूचं टोक बाहेर दिसलं म्हणजे भोक पूर्ण मापाचं झालं असं नव्हे. नेहमीच्या ११८ अंशांच्या टोकाला हा शंकू ड्रिलच्या मापाच्या साधारण तीन दशांश असतो; ५ मिमीच्या ड्रिलला दीड मिलिमीटर. आणखी एखादा मिलिमीटर हाताशी ठेवा. जे उरलं ती त्या बिटाची कमाल जाडी. प्रत्येक कंपनीच्या बिटाची लांबी थोडी वेगळी असते, म्हणून हे आकडे आपल्या बिटांवर मोजून डबीच्या झाकणावर खडूने नव्हे, पक्क्या मार्करने लिहून ठेवा. मोजायला काहीच नसेल तर बोल्टचं माप तेवढीच जाडी धरा: एम५ ला ५ मिमी, एम६ ला ६, एम८ ला ८. याच्या वर जायचं नाही.

याच कारणाने ही बिटं आरपार भोकासाठीच आहेत. तळ असलेल्या भोकात ती कधीच घालू नयेत. टोक तळाला टेकतं, टॅप पुढे ओढत राहतो, आणि तुटलेला तुकडा काढायला पलीकडून वाटही नसते.

जाडीला खालचीही मर्यादा आहे, आणि तिकडे लोकांचं लक्ष जात नाही. आट्याचे निदान तीन पूर्ण फेरे धातूत बसले पाहिजेत. ३ मिमीच्या पट्टीत एम६ चे तीन आटे येतात. झाकण, कडी, वायरचा क्लॅम्प अशा हलक्या कामाला चालतील. २ मिमीच्या पत्र्यात एम४ चेसुद्धा पुरते तीन बसत नाहीत. खिडक्यांना वापरतात ते ॲल्युमिनिअमचे सेक्शन बहुधा त्याहून पातळ असतात. आंबे उतरवायच्या झेल्याला ॲल्युमिनिअमचा पाइप लावून त्याच्या दीड मिलिमीटरच्या भिंतीत थेट आटे पाडायचा मोह होतो. काठीचा भार आणि हिसके रोज त्या दोन आट्यांवर येणार, हंगामाच्या मध्यातच ते सुटतील. तिथे रिव्हेट नट बसवा किंवा आरपार बोल्ट घालून मागून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा) लावा. (ॲल्युमिनिअमची काठी घेऊन विजेच्या तारांखालच्या कलमाजवळ जाऊ नका. तिथे कोरडा बांबूसुद्धा तारेपासून लांबच ठेवायचा.)

लोखंड आणि ॲल्युमिनिअम यांत इथे मोठा फरक आहे. साध्या लोखंडी पट्टीत बोल्टच्या मापाएवढी जाडी मिळाली की आटे बोल्टइतकेच मजबूत होतात. ॲल्युमिनिअम मऊ, त्यात भार घ्यायचा तर बोल्टच्या मापाच्या दीड ते दोन पट जाडी लागते: एम६ ला ९ ते १२ मिमी. पण एकत्र बिटाची मर्यादा ६. म्हणजे भार घेणारे आटे ॲल्युमिनिअममध्ये पाडायला हे बिट मुळातच आखूड पडतं. लोखंडी पट्टी आणि अँगल, ३ ते ८ मिमी, एम५ ते एम८, हेच याचं खरं क्षेत्र. गेटची कडी, ग्रिलचा आधार, पाण्याच्या टाकीचं स्टँड, सोलर हीटरचा क्लॅम्प, कामाच्या टेबलाला शेगडा (व्हाइस) बसवायची प्लेट. घराभोवतीच्या कामांतली बरीचशी यातच येतात. तीस-चाळीस भोकं ओळीने पाडायची असतील तेव्हा याने वाचणारा वेळ फार मोठा आहे.

चौकोनी पाइपमध्ये आणखी एक बघायचं. ड्रिलचं टोक आणि टॅप मिळून बिट बरंच लांब होतं. एक इंची पाइपच्या एका भिंतीत आटे पाडताना टॅप पूर्ण आत जाण्याआधीच टोक समोरच्या भिंतीला टेकू शकतं, आणि तिथे पुन्हा तीच ओढाताण सुरू होते. पाइपची आतली रुंदी आणि बिटाची लांबी आधी ताडून बघा.

आता मापाबद्दल, कारण आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात अजून सूत चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती बोल्ट मागितला की पाव इंची मिळतो, ६.३५ मिमीचा, बहुधा इंचाला २० आट्यांचा. एम६ ला इंचाला साधारण २५ आटे येतात. दोन सुती बोल्ट एम६ च्या आट्यात दीड-दोन फेरे जातो, मग अडतो, आणि पान्ह्याने जोर लावला की नवे आटे संपले. जुन्या भातगिरण्यांत, जुन्या पंपांवर आणि होडीच्या जुन्या इंजिनांवर तर विटवर्थचे आटे सापडतात. जोसेफ विटवर्थ यांनी १८४१ साली सुचवलेली ती पद्धत. त्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. तुमच्या संचातली बिटं मेट्रिक आहेत. बोल्ट घेताना ‘एम६, एक पिच’ असं सांगून घ्या आणि दुकानातच त्याच्यावर नट फिरवून बघा. जुन्या गंजलेल्या आट्यांची सफाईही एकत्र बिटाने करू नका. ते जुन्या आट्यात नेमकं धरेल याची खात्री नसते, तिरकं धरलं तर होते ते आटेही जातात. तिथे हातटॅप दोन बोटांनी फिरवून आटा सापडल्याची जाणीव झाल्यावरच पुढे न्यायचा.

प्रत्यक्ष काम असं करा. जागा आखून सेंटर पंचाने ठसठशीत खूण घ्या. पट्टी शेगड्यात किंवा सी क्लॅम्पने घट्ट धरा. पायाखाली दाबून धरलेली पट्टी टॅप अडकल्याबरोबर गर्रकन फिरते आणि घोट्याला लागते. डोळ्यांवर चष्मा हवाच, सैल बाही नको, हातमोजेही नकोत. बिट थेट ड्रिलच्या चकमध्ये धरा, तिन्ही जबडे दांड्याच्या सपाट बाजूंवर येतील असं. संचाबरोबर झटपट बदलायचा जो होल्डर मिळतो त्यात बिट किंचित डुलतं. एम८ ते सहन करतं, एम३ आणि एम४ तेवढ्या डुलण्यानेही मोडतात.

ड्रिलचा गिअर एक नंबरवर, म्हणजे कमी वेग आणि जास्त जोर. हातोड्याचं चिन्ह असलेल्या मोडवर कधीच नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हरही मी यासाठी वापरू देत नाही, त्याच्या ठोक्यांनी टॅपचे दात उडतात. क्लच मध्यावर ठेवून रद्दी तुकड्यावर एक भोक पाडून बघा; टॅप अडला की क्लच टकटकून सुटला पाहिजे. ड्रिलच्या चिन्हावर रिंग ठेवली तर क्लच काम करत नाही, हे विसरायचं नाही.

भोक पाडताना दाब द्या, घाई नको. ड्रिल पार होत आल्याचं हाताला कळतं, तिथे दाब कमी करा आणि ते पूर्ण पार झालं की थांबा. इथे बहुतेक जण थांबत नाहीत. बिट बाहेर घ्या, ब्रशने कीस झाडा. तो कीस तसाच राहिला तर टॅपच्या खाचांत अडकतो आणि आटे फाडतो. मग थेंबभर तेल टॅपवर सोडा आणि अगदी सावकाश वेगाने टॅप भोकावर आणा. पहिला आटा धरेपर्यंत हलका दाब, त्यानंतर दाब बंद. आता टॅप स्वतः आत जाईल; तुम्ही फक्त ड्रिल सरळ धरून त्याच्याबरोबर जायचं. मागून रेटलंत तर आटे ओढले जातात. टॅपचा पूर्ण दातांचा भाग पलीकडे दिसला की लगेच थांबून उलट फिरवा. आणखी पुढे नेलं आणि मागचा रुंद भाग पट्टीला टेकला, तर टॅप पुढे जाऊ शकत नाही पण फिरत राहतो, आणि पाडलेले आटे खरवडून निघतात. कड साफ करायची तर त्या भागाचा नुसता स्पर्श पुरे. उलट फिरवतानाही वेग तोच सावकाश, आणि टॅप पूर्ण बाहेर येईपर्यंत ड्रिल वाकडं होऊ देऊ नका.

बेंच ड्रिल असेल तर भोक सरळ येतं ही मोठी सोय. पण छोट्या बेंच ड्रिलला बहुधा उलटी फेरी नसते. तिथे भोक मशीनवर पाडा, प्लग काढा, आणि टॅपचा भाग पुली हाताने फिरवून आत-बाहेर करा.

तेलाचं म्हणाल, तर लोखंडाला खरं कटिंग ऑइल घ्या. छोटी बाटली घरच्या कामाला दोन वर्षं पुरेल. गाडीतून काढलेलं काळं ऑइल नको. ते कापायला मदत करत नाही, त्यात घाण असते आणि ते कातडीलाही वाईट. ॲल्युमिनिअमला घासलेट चांगलं, कीस दातांना चिकटत नाही. ठिणगी आणि विडी मात्र लांब. दोन्ही नसेल तर आपलं खोबरेल तेल हलक्या कामाला चालतं. लोखंडातल्या एखाद-दोन भोकांनाही ते कोरड्यापेक्षा कितीतरी बरं, फक्त काम झालं की पुसून काढा. पितळ आणि बीड (ओतीव लोखंड) कोरडंच कापायचं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला ही बिटं लावू नका. ते घासलं गेलं की त्याचा पृष्ठभाग तिथल्या तिथे कडक होतो. ड्रिल जरा घसरलं तरी पुढचा दात त्या कडक थरावर जातो आणि मोडतो. बंदरावर होडीच्या स्टेनलेस रेलिंगचं काम आलं की मी कोबाल्टचं ड्रिल आणि वेगळा टॅपच काढतो.

आता तुमच्या पट्टीत अडकलेला तुकडा. तो हायस्पीड स्टीलचा आहे, त्यावर साधं ड्रिल चालणार नाही, नुसतं घसरेल. पट्टी उलटी करा, त्याच भोकाच्या रेषेत मागून ३ मिमीचं भोक सावकाश पाडत जा आणि ड्रिल कडक जागी लागल्यासारखं वाटलं की थांबा. मग बारीक पंच घालून तुकडा आला त्या वाटेने ठोकून बाहेर काढा. नाही निघाला तर हट्ट नको. अर्थिंगला जागा महत्त्वाची नाही, वीस मिलिमीटर बाजूला नवं भोक घ्या. पुढे कधी ॲल्युमिनिअमच्या सुट्या भागात टॅप तुटला तर एक जुना उपाय आहे: तुरटीचं दाट पाणी गरम ठेवून त्यात तो भाग बुडवायचा. तुरटी लोखंड हळूहळू खाते, ॲल्युमिनिअमला धक्का लावत नाही. हायस्पीड स्टीलला बरेच तास लागतात. काम अंगणात, स्वयंपाकाला न वापरायच्या काचेच्या भांड्यात करा. लोखंडी पट्टीला हा उपाय नाही, तुरटी पट्टीही खाईल.

किनाऱ्यावर आटे पाडून काम संपत नाही. गॅल्वनाइज्ड पट्टीतही नव्या आट्याच्या जागी जस्ताचा थर गेलेला असतो, उघडं लोखंड खाऱ्या वाऱ्याला मिळतं आणि पहिल्याच पावसाळ्यात बोल्ट जाम होतो. आटे घासलेटने धुऊन कोरडे करा, भोकाच्या कडांना जस्ताचा थंड रंग लावा, आणि बोल्ट घालताना आट्यात भरपूर ग्रीस भरा. अर्थिंगच्या बोल्टचं थोडं वेगळं: वायरचा लग (टोकाची धातूची कडी) जिथे बसतो तिथला रंग खरवडून धातूला धातू लावा, बोल्ट आवळा, आणि मग वरून ग्रीसचा थर द्या. ॲल्युमिनिअममध्ये स्टेनलेस बोल्ट घालणार असाल तर ग्रीस टाळूच नका. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, यात झिजतं ते ॲल्युमिनिअम. त्याची पांढरी भुकटी होऊन बोल्ट असा धरतो की शेवटी कापावा लागतो. लाटांचे तुषार पोचतात तिथे ३०४ पेक्षा ३१६ चा बोल्ट घ्या, त्यात मॉलिब्डेनम असल्याने तो खाऱ्या पाण्याला जास्त टिकतो.

बिटांनाही हीच हवा लागते. सोनेरी लेप असला तरी धारेवर गंज चढतो, आणि धारेवरचा गंज म्हणजे पुढच्या भोकात तुटणं. काम झालं की ब्रशने साफ करून तेलाचं बोट फिरवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आगोटीच्या आधी एकदा सगळं काढून पुसलं की श्रावणापर्यंत बघावं लागत नाही.

संच टाकू नका. एम५, एम६, एम८ ही बिटं तुम्हाला सतत लागतील. एम३ आणि एम४ पातळ पितळ-ॲल्युमिनिअमसाठी ठेवा, लोखंडात नको. एम१० ला घरच्या कॉर्डलेसचा जोर पुरत नाही, मनगटही पिळवटतं. त्यांच्या जोडीला एम४, एम६ आणि एम८ चे तीन-तीन हातटॅपचे संच, एक टॅप हँडल, आणि ३.३, ५, ६.८ मिमीची साधी ड्रिलं घ्या. पावसात लाइट गेली तरी हातटॅप चालतो.

पंपाच्या १० मिमीच्या पट्टीचं काम याच हातटॅपांनी करा. एम८ साठी आधी ४ मिमीने, मग ६.८ ने आरपार भोक. पहिला, लांब निमुळता टॅप गुण्याला लावून दोन बाजूंनी सरळ आहे ना बघा. तेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना कीस तुटल्याचा बारीक कट्ट आवाज येतो, तो येईपर्यंत पुढे जायचं नाही. मग दुसरा टॅप. भोक आरपार आहे, तिसऱ्याची गरज पडणार नाही. अर्थिंगलाही एम४ ऐवजी एम६ करा: ५ मिमीचं भोक आणि तोच क्रम. पंपाजवळच्या थरथराटात एम४ चा बोल्ट तसाही लहानच पडला असता. आणि हे सगळं करताना पंपाचा मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा.